कापडाखालचा फिरता दांडा

मी एक जुना फिरता दांडा आहे. नावावर जाऊ नका, मित्रांनो. धुळ्याजवळच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात मी कापडाखाली पडून असतो आणि फिरत नाही.

मेंदूवरच्या औषधांची परीक्षा माझ्यावर होते. पांढऱ्या उंदरांना आधी अंग थरथरायला लावणारे औषध देतात, मग नवे औषध पाजून माझ्यावर बसवतात. मी हळूहळू फिरतो. नवे औषध खरे असेल तर उंदीर तोल सांभाळतो, नसेल तर खाली पडतो. खोटे बोलायला मला येतच नाही.

भूपेंद्र सर तरुण होते तेव्हा माझी मोठी बडदास्त होती. उंदीर पडला की ते हिरमुसायचे, पण पडला तर पडला असेच लिहायचे. त्यांचे शोधनिबंध तेव्हा थोडे होते आणि मला त्यांचा अभिमान होता.

पुढे सर विभागप्रमुख झाले. मला फिरवणारा पट्टा तुटला, तो कोणी बदलला नाही. निबंध मात्र वाढतच गेले. रानातल्या एका बीच्या काढ्याने हातांची थरथर थांबते, असे छापून येऊ लागले आणि प्रत्येकात लिहिलेले असे, 'फिरत्या दांड्यावर तपासले'. मी तर कापडाखाली ठप्प होतो. निबंधावर नावे लग्नपत्रिकेसारखी, कोणी रुसू नये म्हणून प्राचार्यांच्या मेहुण्याचेसुद्धा. सायटेशन, म्हणजे दुसऱ्याने आपल्या निबंधात केलेला उल्लेख, तोही आहेरासारखा चाले. दोंडाईचाच्या मित्राने सरांचा उल्लेख करायचा, सरांनी त्याचा परत करायचा. आकडा फुगला की फाटकावर सरांचा फ्लेक्स लागे. दसऱ्याला कापडावरूनच माझ्यावर झेंडूचा हार चढे. मला त्या हाराची शिसारी येई.

मग अमळनेरची कहकशा पीएच.डी. करायला आली. तिचे वडील अय्युबभाई गाद्या भरतात. त्यांचे हात थरथरू लागले होते, दाभण धरवत नव्हते. सरांचे निबंध वाचूनच तिने हा विषय घेतला होता आणि घरी मोठ्या कौतुकाने सांगितलाही होता. तिने माझ्यावरचे कापड उचलले. तुटका पट्टा तिला दिसला. मग आईच्या शिलाई मशीनचा पट्टा आणून तिने मला बसवला आणि मी पुन्हा फिरलो. अंगात जीव आल्यासारखे वाटले.

पण उंदीर पडले. काढा प्यालेले, नुसते पाणी प्यालेले, सारखेच पडले. तिने पुन्हा करून पाहिले, पुन्हा तेच. तिने सरांना बोलावून दाखवले. नवा निबंध छापायला गेला आहे, त्यात तुझेही नाव आहे, तेव्हा गप्प राहा, असे सर म्हणाले.

आठवड्याने सरांचा सत्कार होता. अय्युबभाई आले आणि मुलीची प्रयोगशाळा बघायला वर आले. हातातला चहा बशीत सांडत होता. सर शाल पांघरूनच आत शिरले, तसा अय्युबभाईंनी त्यांना सलाम केला.

"सर, तुम्हनं लिखेल शे म्हनीसन मी गोळी सोडी दिधी. काढाच पेस."

कहकशाचा चेहरा उतरला. सरांच्या लिहिण्यावर विसंबून वडील डॉक्टरांची थरथरीवरची गोळी सोडून नुसता काढाच पितात, हे तिला माहीतच नव्हते. काढ्याचा उपयोग नाही हे सरांना तर ठाऊक होते, तरी ते हसले.

"फरक पडेल, भाऊ. धीर धरा," असे म्हणून त्यांनी फोटोवाल्याला बोलावले आणि अय्युबभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

कहकशाने वडिलांच्या हातातला कप काढून घेतला. "अब्बा, काढा बंद. आजच गोळी सुरू करा." मग ती सरांकडे वळली. "त्या निबंधातून माझं नाव काढा, सर."

"नाव गेलं की पदवीही गेली समज," सर फोटोसाठी हसत हळूच म्हणाले.

"तरी नाव काढा," ती म्हणाली.

ती वडिलांना घेऊन निघून गेली. सरांनी दार लोटले, कात्री घेतली आणि माझा पट्टा कापला. ज्या हातांनी ते कधीकाळी उंदीर अलगद माझ्यावर ठेवत, त्याच हातांनी. वर कापडही नीट ओढले.

निबंध छापून आला. फ्लेक्स नवा लागला. झाडलोट करणाऱ्या बेबाबाई सांगत होत्या की अय्युबभाई पुन्हा गोळी घेतात आणि कहकशा जळगावला दुसऱ्या मार्गदर्शकांकडे पहिल्यापासून सुरुवात करते आहे. माझ्यावर या दसऱ्यालाही हार पडला.

मित्रांनो, माझी निगा राखायची तर मला हार घालू नका. कितीही मोठ्या माणसाने सांगितले की हे यंत्रावर तपासलेले आहे, तरी भीड धरू नका. कापड उचला आणि एकदा बटण दाबून पाहा.