बाळ हयात असल्याचा दाखला

कामावर त्याला सगळे निवांत म्हणायचे. शववाहिका चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्याच्या गाडीतला प्रवासी कधी घाई करत नाही, एसी वाढवा म्हणत नाही, उतरताना दार आपटत नाही. निवांतला ही नोकरी मनापासून आवडायची. त्याच्या मते जगात सगळ्यात समजूतदार गिऱ्हाईक कुणाचं असेल तर ते त्याचं.

त्याची बायको बंदरावर क्रेन चालवायची. उंच केबिनमध्ये बसून घराएवढी खोकी उचलायची आणि जहाजावर ठेवायची, तीही अशी की आतला कप फुटू नये. अशा दोघांना मुलगी झाली आणि तिला बघायला म्हणून निवांतच्या सासूबाई दोन बॅगा आणि स्वतःची उशी घेऊन हजर झाल्या. उशी बघितली तेव्हाच निवांत काय ते समजला. उशी घेऊन येणारा पाहुणा दोन-चार दिवसांत हलत नसतो.

सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात चहाचा डबा हलवला, दुसऱ्या आठवड्यात सोफा हलवला. टीव्हीचा रिमोट त्यांच्या उशीखाली गेला तो गेलाच. पण खरा छळ वेगळाच होता. निवांत कामावरून आला की त्या पाळण्यासमोर आडव्या उभ्या राहायच्या.

"जावईबापू, हात."

"धुतले, आई."

"कोपरापर्यंत?"

"कोपरापर्यंत."

"मग आणखी एकदा धुवा. दिवसभर ते हात कुठं कुठं लागलेले असतात, मला सांगायला लावू नका."

तो निमूटपणे परत मोरीत जायचा. बाहेर येईपर्यंत पोरगी झोपलेली असायची. झोपलेल्या पोरीला हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा दुसरा नियम. त्यामुळे बाप होऊन महिना उलटला तरी निवांतनं स्वतःच्या मुलीला धड मांडीवर घेतलं नव्हतं. तो लांबूनच बघायचा, दुकानाच्या काचेतून बघावं तसा.

बायकोची बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा सासूबाई जेवताना सहज म्हणाल्या, "काळजी नको. मी आहे की. वर्षभर राहीन."

निवांतला जोराचा ठसका लागला. बायकोनं पाठीवर थापटलं, पाणी दिलं आणि सासूबाई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "अरे, बापालाही रजा मिळते. भरपगारी नाही, पण सरकारी निधीतून बऱ्यापैकी भत्ता येतो. अर्ज केलास तर मी कामावर जाईन, तू घरी राहशील आणि आईला तिच्या घरी जायला हरकत नसेल."

रजेचे नियम तिनं क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचलेले होते. निवांतला नियमांतलं काही कळलं नाही, पण शेवटचं वाक्य नीट कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मालकांच्या टेबलासमोर उभा होता.

मालक म्हणजे अंत्यविधी सेवेचे मालक. वडिलांकडून धंदा आणि पडलेला चेहरा, दोन्ही वारसाहक्कानं मिळालेले. लग्नाच्या पंगतीतही ते असे बसायचे की लोक जवळ येऊन खांद्यावर हात ठेवायचे.

"रजा?" मालक म्हणाले. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही साहेब. आलंय. मुलगी झाली."

"ते माहितेय. पेढे खाल्ले मी. पण त्यात तुझं काय काम? तू काय पाजणार आहेस?"

"कायद्यात आहे साहेब."

"कायद्यात असेल. पण लोक मरायचे थांबणारेत का तुझ्यासाठी?" मालकांनी सुस्कारा सोडला. "या धंद्यात आजवर कुणी जन्मासाठी रजा मागितलेली नाही. ऐकायलाही कसंतरी वाटतं." कायदा मोडायची मात्र त्यांची छाती नव्हती. त्यांनी आतल्या खोलीत हाक मारली, "बाई, याला रजेसाठी पत्र करून द्या."

टायपिस्ट बाईंच्या हातात त्या सकाळी तीन अंत्यविधींची कामं होती. त्यांनी कॉम्प्युटरवरचं तयार पत्र उघडलं, इकडचं तिकडचं बदललं, प्रिंट काढली, मालकांची सही घेतली आणि पाकीट बंद करून निवांतच्या हातात ठेवलं. त्यानं ते न वाचता अर्जाला जोडलं आणि निधीच्या कार्यालयात देऊन टाकलं. आपल्या रजेचं पत्र कोण वाचत बसतं?

उत्तर आलं ते सासूबाईंच्या हातात पडलं. निवांत नुकताच जेवायला घरी आला होता आणि मोरीत दुसऱ्यांदा हात धूत होता. बाहेरून बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून तो डोकावला. सासूबाईंच्या एका खांद्यावर पोरगी ढेकर द्यायच्या बेतात होती आणि दुसऱ्या हातात कागद होता.

"वाचते," त्या म्हणाल्या. "आपला अर्ज, संबंधित बालक हयात नसल्याने, निकाली काढण्यात येत आहे. या दुःखद प्रसंगी कार्यालयाच्या सहवेदना."

तेवढ्यात पोरीनं भळकन दूध ओकलं. सासूबाईंच्या पाठीवरून ते खाली ओघळलं.

"ही हयात नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग आत्ता माझ्या पाठीवर ओकलं कोण?"

बायको डॉक्टरांकडे तपासणीला गेली होती. सासूबाईंनी पाठ पुसली, पदर खोचला आणि चपला शोधायला लागल्या.

"चला."

"कुठं?"

"त्या कार्यालयात. माझी नात जिवंत आहे की नाही, हे ते ठरवणार? गाडी आहे ना खाली?"

"आई, खाली शववाहिका आहे."

"रिकामी आहे ना?"

रिकामी होती. दुपारच्या कामाला वेळ होता. सासूबाई पोरीला घेऊन पुढच्या सीटवर बसल्या आणि मागच्या काचेकडे एकदाही न बघता म्हणाल्या, "सीट चांगली आहे हो." लग्नानंतर त्यांनी जावयाच्या नोकरीबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द.

वाटेत सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसानं शववाहिका बघून टोपी काढली आणि मग आतून रडणं ऐकून पुन्हा घातली. कार्यालयाच्या दारातल्या रखवालदारानं साहेबांसाठी राखलेली जागा न विचारता मोकळी करून दिली.

तीन नंबरच्या खिडकीमागच्या बाईंची जागा अशी होती की त्यांना बाहेरचं आवार दिसायचं. त्यांनी आधी शववाहिका बघितली. मग समोर उभा असलेला, कामाचा काळा कोट घातलेला माणूस बघितला. त्याचा अर्ज बघितला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो," त्या कुजबुजल्या, "तुम्ही तिला इथं घेऊन आलात?"

"हो. तुम्हीच तर म्हणालात..."

"आम्ही असं कधी म्हटलं? अहो, नुसता कागद चालला असता. हे काय भलतंच." त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "गाडीतच आहे का?"

"नाही, ही काय," म्हणत सासूबाई मागून पुढे झाल्या आणि त्यांनी पोरीला काउंटरवर ठेवलं. पोरीनं बाईंकडे बघून जांभई दिली.

बाईंना सावरायला वेळ लागला. पाणी प्यायल्या. मग त्यांनी फाइल काढली आणि त्यातलं पत्र निवांतपुढे सरकवलं. पत्राला चारही बाजूंनी काळी किनार होती. निवांतनं ते पहिल्यांदाच वाचलं, आणि सासूबाई मागून मोठ्यानं वाचायला लागल्यामुळे रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"आमचे चालक यांच्या घरी कन्यारत्नाच्या आकस्मिक आगमनाने कुटुंबाची अपरिमित हानी झाली असून ती कधीही भरून न येणारी आहे. तिला चिरशांती लाभो. तरी त्यांना रजा मंजूर व्हावी."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. निवांतची मान खाली गेली. निधनाच्या जागी टायपिस्ट बाईंनी तेवढं आगमन घातलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं.

"चिरशांती कसली," सासूबाई बाईंना म्हणाल्या. "दर दोन तासांनी घर डोक्यावर घेते ती."

बाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते नियमाखाली दाबलं. "हे बघा, मला दिसतंय की बाळ आहे. पण एकदा आमच्याकडे हयात नाही अशी नोंद झाली की माझ्या डोळ्यांनी बघितलेलं चालत नाही. हयातीचा दाखला लागेल."

"तो कुठं मिळतो?"

"पेन्शनच्या खिडकीवर."

पेन्शनच्या खिडकीपुढे काठ्या, कवळ्या आणि कानातली यंत्रं यांची लांब रांग होती. सासूबाई पोरीला घेऊन रांगेत शिरल्या आणि निवांत त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. पुढच्या आजोबांनी वळून पोरीला निरखलं.

"कुठल्या खात्यातून निवृत्त?"

"अजून लागायचीय," निवांत म्हणाला.

"बरं करते. आत्ताच दाखला काढून ठेवते. पुढं फार हेलपाटे असतात." आजोबांनी त्यांना पुढं जाऊ दिलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही दिलं, आणि काठ्यांच्या त्या रांगेतून पोरगी थेट खिडकीशी पोचली.

खिडकीतला कारकून मान वर न करता प्रश्न विचारणारा होता. नाव विचारलं, तर अजून ठेवलेलं नव्हतं. त्यानं 'बाळ' लिहिलं. निवृत्तीपूर्वीचा हुद्दा विचारला.

"मालकीण लिहा," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं लिहिलं. मग शाईचा पॅड पुढे सरकवला. "सही येत नसेल तर अंगठा."

इथं घोडं अडलं. पोरीनं दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. सासूबाईंनी गोड बोलून बघितलं, बोट घालून बघितलं, फुंकर मारून बघितली. मूठ जास्तच आवळली. कारकून घड्याळाकडे बघायला लागला. मागचे आजोबा काय काय सुचवायला लागले.

"माझ्याकडे द्या," निवांत म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्या हातांकडे बघितलं. आज ते एकदाच, फार तर दीडदा धुतलेले होते. पण मागं रांग होती. त्यांनी पोरीला त्याच्याकडे दिलं.

निवांतनं तिला डाव्या हातावर घेतलं. तिचं वजन त्याला वाटलं होतं त्याहून जास्त होतं आणि ती चांगलीच उबदार होती. त्याच्या रोजच्या उचलण्यात ऊब कधी नसायचीच. त्यानं उजवा अंगठा तिच्या मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत, हाताच्या मागच्या बाजूनं, सावकाश फिरवला. एकदा, मग पुन्हा. मूठ आपोआप उमलली. त्यानं छोटासा अंगठा शाईवर टेकवला, कागदावर टेकवला आणि उचलला. कागदावर डाळीच्या दाण्याएवढा ठसा उमटला.

"हे कुठं शिकलात?" सासूबाईंनी विचारलं.

"कामावर," निवांत म्हणाला. "लोक बरेचदा काहीतरी घट्ट धरून गेलेले असतात. घरच्यांना ते हवं असतं. अंगठी, चिठ्ठी, काहीही. ओढून काढलं की वाईट दिसतं. मी हळू सोडवतो."

पोरीनं शाईचा अंगठा तोंडात घातला आणि तिचे ओठ निळे झाले. एरवी सासूबाईंनी यावर आख्खी दुपार काढली असती. आज त्यांनी नुसता रुमाल काढून जावयाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच पुसा. तुमच्याकडे गप्प आहे ती."

त्या संध्याकाळी निवांत सवयीनं मोरीकडे वळला, तर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एकदा धुतले तरी चालतील."

अर्ज मंजूर झाल्याचा निरोप काही दिवसांनी बायकोच्या मोबाइलवर आला. निवांतनं ही बातमी सासूबाईंना कशी सांगायची याची तयारी केली होती. आई, तुमचे फार उपकार झाले, आता तुम्हालाही आराम हवा, वगैरे. त्यानं घसा खाकरला.

"मंजूर झाला ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग मी उद्या निघते."

पलंगाखालून त्यांनी बॅगा ओढल्या. दोन्ही भरलेल्या.

"या कधी भरल्या?" बायकोनं विचारलं.

"आल्याच्या तिसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मला काय हौस आहे का गं? माझ्या घरी दुपारी फोन बंद करून मी झोपते. माझा सोफा माझ्या जागेवर असतो. इथं तुझा नवरा चोरासारखा लांबून बघत राहायचा. म्हटलं, यानं पोरीला हातही लावला नाही तर मी गेल्यावर हिचं व्हायचं काय? वर्षभर बसावं लागेल या धास्तीनं माझा जीव गेला होता."

"आई, तुम्हीच मला धरू देत नव्हता," निवांत म्हणाला.

"मग भांडायचंत," सासूबाई म्हणाल्या आणि उशी काखोटीला मारली.

सकाळी बायको बंदरावर गेली, सासूबाई त्यांच्या गाडीला गेल्या, आणि घरात निवांत आणि पोरगी उरले. पहिल्या तासात त्यानं तिचे कपडे तीनदा बदलले, स्वतःचे दोनदा. दूध सांडलं, ते पुसताना आणखी सांडलं. तिच्या रडण्याचे प्रकार त्याला एकसारखेच वाटत होते, म्हणून त्यानं सगळ्यांवर एकच उपाय ठेवला, उचलून घरभर फिरायचं. अखेर ती त्याच्या खांद्यावर झोपली आणि तो श्वासही बेतानं घ्यायला लागला. तेवढ्यात फोन थरथरला.

मालक होते. बदली चालक न मिळाल्यानं शववाहिका ते स्वतः चालवत होते. त्यांनी एक वळण चुकवलं होतं, आणि मागं नातेवाइकांच्या दहा-बारा गाड्या घेऊन ते एका मोठ्या दुकानाच्या माल उतरवायच्या आवारात शिरले होते.

"आता इथून बाहेर कसं पडू?" मालकांनी विचारलं.

"डावीकडे वळा," निवांत कुजबुजला. "पुलाखालून जा."

"मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही."

"नाही बोलता येत साहेब. पोरगी आत्ताच झोपलीय."

मग मालकांचाही आवाज एकदम खाली आला. "बरं, बरं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पुलाखालून. पुढं?"

पुढचा सगळा रस्ता दोघे कुजबुजतच बोलले. त्या दिवशी मागच्या गाडीत टायपिस्ट बाई होत्या. त्यांनी नंतर सांगितलं की मान खाली घालून, तोंडावर हात धरून हळू बोलणाऱ्या मालकांना बघून सगळ्या नातेवाइकांना भरून आलं होतं. परक्याच्या दुःखात इतका हेलावणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे.