बडगी, भरीत आणि आबांचं डोकं

मी एक जुनी बडगी आहे. "डोक्याला मार लागलाय, महिना-दोन महिने आबांवर लक्ष ठेवायला हवं," असं या घरची सून मोहिनी म्हणाली, तेव्हा मी मनात हसले होते. ती तर झोपलेल्या बाळाच्या नाकाशीही बोट धरून बघते!

मित्रांनो, बडगी म्हणजे भाजलेली वांगी ठेचायचं होडीसारखं लाकडी भांडं. असोद्याच्या सुतारानं मला अख्ख्या ओंडक्यातून कोरलं. एरवी मी माळ्यावर उंदरांच्या संगतीत असते, पण थंडी पडली की माझी वरात मळ्यात निघते. तिथं भरिताच्या पार्टीला मोहिनीचे सासरे जीवरामआबा डाव्या हातानं माझी कड धरतात आणि उजव्यानं मुसळ चालवतात. मिक्सरमधल्या भरिताला ते लापशी म्हणतात.

यंदा वांगी आणताना ओल्या बांधावरून आबांचा पाय घसरला आणि डोकं पाइपावर आपटलं. मोहिनी धावली. आबा उठून बसले. "मले काय होते? वांगे पाह्य आधी, फुटले तं नाही?"

वांगी शाबूत होती. लक्ष ठेवायचं मोहिनी म्हणाली ती तेव्हाच, पण बाकीच्यांसाठी विषय संपला.

पुढच्या काही आठवड्यांत आबा बोलता बोलता डुलक्या घेऊ लागले. कपाळाला सारखा बाम. डावी चप्पल अंगणातच राहायची आणि आबा एकाच चपलेनिशी ओट्यावर यायचे. सगळे हसायचे. सासूबाई सुनंदाबाई म्हणायच्या, "वय झालं आता त्यायचं."

मग व्याही जेवायला आले त्या दिवशी आबांचा डावा हात माझ्या कडेवरून सुटला. मी कलंडले आणि भरीत थेट व्याह्यांच्या पांढऱ्या पँटवर!

"वा आबा, ताटात वाढायचं सोडून मांडीवरच वाढलं!" व्याही ओरडले. हशा पिकला. आबाही हसले आणि नुसत्या जमिनीवरच मुसळ मारत राहिले. मला मात्र हसू येईना. इतक्या वर्षांत तो हात कधी सुटला नव्हता.

मोहिनी पुढं आली. "आबा, दोन्ही हात समोर धरा बरं." डावा हात हळूहळू खाली आला.

"वय झालं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"आई, वय काय एकाच बाजूला होतं का?"

तिचा नवरा हितेंद्र पुरी हातात धरून म्हणाला, "पंगत तरी उठू दे."

"पंगत उठेल, आबा नाही उठायचे. गाडी काढा!"

घाईत मीही डिकीत गेले. पुढचं हितेंद्रच्या तोंडून ऐकलं. जळगावला स्कॅन केला, तर कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त साचलेलं. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, ताणलेली शीर लहानशा धक्क्यानंही फुटते, रक्त आठवडेच्या आठवडे झिरपतं आणि मेंदूला दाबतं. "अजून उशीर झाला असता तर हाती लागले नसते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कवटीला दोन छिद्रं पाडली आणि साचलेलं काळं रक्त काढून टाकलं.

शुद्धीवर येताच आबांनी विचारलं, "डोक्यात बोअर मारला का रे भो? पानी लागलं का?"

हितेंद्र खो खो हसला. मोहिनी आबांच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो हात हळूच वर आला आणि डोक्याची पट्टी खाजवू लागला. नर्स रागावली. मोहिनी मात्र तिथंच रडायला लागली.

मित्रांनो, बडगीला वर्षातून एकदा तेल लावा, असं मी सांगणार होते. ते राहू द्या. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं म्हातारं माणूस गेल्या महिना-दोन महिन्यांत पडलंय का? "मला काही झालं नाही" म्हणालंय का? जा, त्यांच्याशी बोला, त्यांना चालताना बघा. पाय ओढत असतील, शब्द अडखळत असतील, डोकं सारखं दुखत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या. ते तुम्हाला हसतील. हसू द्या. पण आत्ताच जाऊन बघून या.