शेवटची कातरणी

“आई, मागचे पाय धर घट्ट,” सोमनाथ म्हणाला आणि मेंढीच्या पोटाकडून त्याने कातर चालवली.

बावीस वर्षं घोडेगावच्या कचेरीत आवक-जावक नोंदवून त्याचा पार भुगा झाला होता. आलेला कागद आवकेत, गेलेला जावकेत. मधे माणूस कुठे नाहीच. हल्ली सकाळी चप्पल पायात सरकवायचीसुद्धा त्याला शिसारी यायची. शेवटी रजा टाकून तो ओतूरजवळच्या वाडीवर आला. खिशात राजीनामा लिहून ठेवलेला होता. धाकट्या भावाबरोबर मेंढरं राखायची, बस्स! हा भाऊ, बिरदेव, पहाटेच बाजाराला गेला होता. तो यायच्या आत कातरणी उरकून त्याला चकित करायचं, असं सोमनाथच्या मनाने घेतलं.

एके काळच्या दोनशेतली चौदा मेंढरं उरली होती. पहिलीला ओरखडा पडला, तिथे आईने, तुकाबाईने, गपचूप हळद दाबली. तिसरीपासून हाताला सगळं आठवू लागलं. लोकर अख्खीच्या अख्खी सुटून यायला लागली. दिवस कलला तेव्हा तेरा झाली होती, कंबर मोडून आली होती आणि सोमनाथला इतकं बरं वाटत होतं, की रडूच येईल.

बिरदेव आला आणि दारातच थबकला.

“दादा, कुणी सांगितलं व्हतं तुला?”

“लोकर लई वाढली व्हती, म्हणून...”

“उद्या खाटीक यायचाय! सगळी दिली म्या त्याला. चरायला रान ऱ्हायलंय कुठं? जिकडं बघावं तिकडं द्राक्षं न्हाईतर टमाटी. लोकरीवर भरलेली दिसत व्हती. आता निस्ती हाडं दिसत्यात. भाव पाडून मागंल त्यो.”

सोमनाथने आईकडे पाहिलं.

“तुला म्हाईत व्हतं?”

“व्हतं.”

“मंग बोलली का न्हाईस?”

तुकाबाईने हळदीचा हात लुगड्याला पुसला. “सोमा, तू गुणगुणत व्हतास रं. किती वर्सांनी.”

बिरदेवने बाजाराची पिशवी खाली ठेवली. मग उरलेल्या मेंढीकडे बोट करून म्हणाला, “तीबी कातर. ती एकली भरलेली दिसली, तर बाकीची अजून वाळकी दिसत्याल.”

सोमवारपासून पुन्हा आवक आणि जावक होतीच. सोमनाथने ती मेंढी गुडघ्यात घेतली, सावकाश कातरली आणि खाटकाकडे जायची असली तरी तिला एकही ओरखडा पडू दिला नाही.