भाट्याच्या वाळूवरचं पाखरू

भाट्याच्या वाळूवर मथुरा रोज ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या वेचायला जायची, पण पाटी निम्मीच भरायची, कारण बाईची मान कायम वर. शेजारच्या यमुनाबाईने तर तिला वाडीभर चिडवून ठेवलं होतं. चिडवेनात का! नऊ वर्षांपूर्वी याच वाळूवर तिने एक परकं पाखरू पाहिलं होतं. बदकाहून मोठं, पांढरंशुभ्र, तोंड आणि पंखांच्या कडा काळ्या. असलं पाखरू खोल दर्या सोडून किनाऱ्याला टेकलं की मागोमाग तुफान येतं, असं जुने खलाशी-तांडेल सांगत. मथुरेने ते लांबूनच पाहिलं आणि नवऱ्याला, गंगारामला, काही बोलली नाही. हसेल म्हणून. त्याच दिवशी त्याचा मचवा दर्यात गेला तो गेलाच.

आज, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, तस्संच पाखरू तिच्यासमोर बसलं होतं. धापा टाकत तिने घर गाठलं.

"लवू, आज जायाचं नाय!"

"आये, काल दर्याला नारळ दिला. आख्खी वाडी निघाली, नि मी पाखराला भिऊन घरात बसू?" मुलगा हसला आणि पेज प्यायला बसला.

तेवढ्यात मथुरेने होडीचं सुकाणू उपसलं, डोक्यावर घेतलं आणि केवड्याच्या बनात दडवलं.

लवूने सगळीकडे शोधलं, आईवर आरडाओरडा केला. वाडीतल्या बाकीच्या होड्या गेल्या. दिवसभर लख्ख ऊन, दर्या परातीतल्या पाण्यासारखा निवांत. मथुरा मात्र शंभरदा आत-बाहेर करत होती. तिन्हीसांजेला यमुनाबाईचा सदू पाटीभर पापलेट घेऊन आला. लवू होडीच्या काठावर पाठ फिरवून बसला होता.

मथुरेला स्वतःचाच संताप आला, आणि त्याहून जास्त त्या पाखराचा. ती तरातरा निघाली. पाखरू तिथेच होतं. या खेपेला ती जवळ गेली. पंखाच्या सांध्यात गंजका गळ रुतला होता. तुफान नाही नि काही नाही, बिचाऱ्याला उडताच येत नव्हतं. त्याच्यावर पदर टाकून तिने गळ ओढून काढला. पाखराने बोट फोडलं, तिला कळलंही नाही. त्या वेळच्या पाखराला तरी काय झालं होतं? ती जवळ गेलीच नव्हती.

बनातून सुकाणू आणून तिने लवूपुढे ठेवलं.

"उद्या जा. बापूस गेला त्या दिवशी मी असलंच पाखरू बघितलं होतं. त्याला बोलले नाय रे."

लवूने सुकाणू बाजूला सारलं.

"मला तर बोललीस ना? मी ऐकलं? सुकाणू नव्हतं म्हणून ऱ्हायलो. बापसानं तरी ऐकलंन असतं गो?"

मथुरेने वाळूत बसकण मारली आणि ती भडभडून रडली.