दुखत नाही!

“दुखणं ही निव्वळ मनाची कमजोरी आहे!” आमच्या मामांनी तपासणीच्या टेबलावरून जाहीर केलं. त्या टेबलावर त्यांना चढवायला मामी आणि कंपाउंडर असे दोघं लागले होते. मामा ट्रक चालवत, आणि ‘फिट’ असा दाखला मिळाला तरच उद्यापासून गाडी हातात मिळणार होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा उजवा पाय सरळ वर उचलला. “कळ येते?”

“छे!” कपाळावरचा घाम मात्र कानापर्यंत ओघळला.

“घरी शिंकले तरी ‘आई गं’ करतात,” मामी म्हणाल्या.

“बरं, उठून बसा. तळव्याला काय लागलंय बघू,” म्हणत बाईंनी बोलता बोलता टेबलावरून लोंबणारा तोच पाय गुडघ्यात सरळ केला. मामा किंचाळून मागे कोसळले.

“झोपून पाय उचला की बसून सरळ करा, ताण एकाच नसेवर येतो. दुखण्याचं सोंग आणणारे मी असेच पकडते. न दुखण्याचं सोंग आणणारे तुम्ही पहिलेच! कमरेत नस दबलीय. सहा आठवडे गाडी बंद.”

“उद्या गाडी काढणार म्हणजे काढणार! कोण अडवतो बघतो!” गरजत मामा अनवाणीच दारापर्यंत गेले. तिथे थांबून मामींना हळूच म्हणाले, “अगं, ते बूट तेवढे घालून दे.”