बायजाबाईंनी न म्हटलेलं आमेन

टिर्र टिर्र टिर्र. शुक्रवारची सुट्टी म्हणून गल्लीतले कापडाचे लूम बंद, घर चिडीचूप, आणि आजीच्या घड्याळाचा नेमका आत्ताच गजर झाला. दुपारचे तीन, आजीच्या प्रार्थनेची वेळ. आजेसासूबाई जाऊन दहा दिवस झाले, तरी तो गजर बंद करायला कुणाचा हात धजत नव्हता. तासभर थोपटून निजवलेला तान्हा देवेश टाहो फोडत उठला. माधवीने त्याला पुन्हा मांडीवर ओढलं.

रविवारी चर्चमध्ये आजीची स्मरणोपासना. मंडळीसमोर वाचायचा जीवनवृत्तांत माधवीने लिहायचा, कारण तिचं अक्षर चांगलं. लिहायचा कधी, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याची, सागरची, पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये डबल ड्युटी. पोराला मांडीवर घेऊन, थोरल्या लेकीच्या, उन्नतीच्या, गृहपाठाच्या वहीत मागच्या बाजूने, तिने चार दिवसांत चार पानं काढली होती. अंजूरहून लग्न होऊन आलेल्या बायजाबाई, चौऱ्याण्णव वर्षं, अक्षरओळख नसताना तोंडपाठ केलेली स्तोत्रं.

पप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सकाळी वही घेतली होती. आता लाल रेघ मारून ती परत दिली.

"बाकी झकास. एवढं काढ."

एवढं म्हणजे काय, तर आजीची थोरली लेक कमळ नवव्या वर्षी तापाने गेली. त्यानंतर आजी रोज तीनला गुडघे टेकायच्या, सगळ्यांसाठी मागायच्या, पण शेवटचं आमेन म्हणायच्या नाहीत. अकरा महिने.

"पण पप्पा, खरं आहे हे."

"खरं आहे म्हणून मंडळीसमोर वाचायचं? एक रविवार चुकवला नाही माझ्या आईने, आणि तू तिला देवावर रुसलेली दाखवतेस?"

"रुसल्याच होत्या. त्यांनीच सांगितलं मला."

कधी, ते ती बोलली नाही. उन्नतीच्या आधीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा जो तो 'देवाची इच्छा' म्हणून उठून जात होता. आजी तेवढ्या तिच्या खाटेवर टेकल्या. "रूस गो खुशाल. बोलायचं सोडू नको, पन आमेन म्हनू नको. त्यालाबी कळू दे." त्या एका वाक्याच्या आधाराने माधवी पुन्हा चर्चची पायरी चढली होती.

पप्पा चष्मा पुसत राहिले. बोलले तेव्हा बोली आईची झाली होती. "मला म्हाईत न्हाय का? पाच वर्सांचा होतो. आमेनबिगर प्रार्थना वर जात न्हाय, असं वाटायचं. मंग तिच्या वाटचं मीच म्हनायचो. हळूच."

कोपऱ्यात चित्र रंगवणाऱ्या उन्नतीने मान वर केली.

"मग हेच लिहू ना, पप्पा!" माधवी म्हणाली.

"काढ म्हटलं ना."

संपला विषय. देवेशला कडेवर घेऊन, दुधावर एक डोळा ठेवून, माधवीने तो परिच्छेद गाळला. त्या जागी पप्पांनी सांगितलेलं वाक्य तिने आपल्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'प्रत्येक दुःख त्यांनी हसतमुखाने स्वीकारले.' अक्षर इतकं सुबक आलं की तिला त्याचाच राग आला.

पप्पांनी वाचलं, समाधानाने मान डोलावली आणि सगळ्यांना आजीच्या खाटेपाशी बसवलं. "हे प्रभू, आईसारखा सोशिक स्वभाव आम्हालाही दे. आमेन."

"आमेन," उन्नती म्हणाली. मग तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. आईचे ओठ मिटलेले होते.

"मम्मी," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या वाटचं मी म्हणू?"