मधली खोली

"‘लेखक हवेत,’" संजयने माझ्या फोनवरून मोठ्याने वाचलं. "‘परग्रह, अंतराळस्थानकं आणि तिथली माणसं रचता येतील असे. घरबसल्या काम. अनुभवाची अट नाही.’ दीपाली, ही सरळसरळ फसवणूक आहे."

"कशावरून?"

"अनुभवाची अट नाही म्हणे. आमच्याकडे गेट उघडणाऱ्यालाही अनुभव विचारतात."

संजय खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. आत जाताना फोन गेटवर ठेवायचा, बाहेर येताना डबा उघडून दाखवायचा. संशय घेणं हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे आणि ते काम तो घरीही आणतो.

मी त्याला समजावून सांगितलं. हॉस्टेलला असताना आम्ही मैत्रिणी हा खेळ खेळायचो. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. चार जण टेबलाभोवती बसतात. एक जण सांगतो, तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय. बाकीचे सांगतात, आम्ही आता काय करतो. कुठे अडलं तर फासा टाकायचा. नियमांचं एक जाड पुस्तक असतं आणि त्याला जोडून बारकी पुस्तकं निघतात. एकेका पुस्तकात एखादा ग्रह किंवा स्थानक, तिथल्या खोल्या, तिथलं संकट. म्हणजे सांगणाऱ्याला सगळं आयतं मिळतं. कसबा पेठेतली त्रिज्या प्रेस अशी बारकी पुस्तकं मराठीत काढत होती आणि ती लिहायला त्यांना माणसं हवी होती.

"जिंकतं कोण?" संजयने विचारलं.

"कोणीच नाही."

"मग खेळायचं कशाला?"

"तू नंदूशी खेळतोस तेव्हा कोण जिंकतं?"

"ती," संजय म्हणाला आणि फोन परत दिला.

नंदूचं कागदावरचं नाव राजनंदिनी. एवढं मोठं नाव पेलायला अजून तिला मानही नीट धरता येत नव्हती तेव्हापासून मी काहीतरी लिहायचं म्हणत होते. आता ती रांगायला लागली होती. सकाळी एकदा झोपायची, दुपारी एकदा, तेही तिच्या मर्जीने आणि माझ्या डाव्या हातावर. खाली ठेवलं की डोळे टक्क उघडे. म्हणून मी उजव्या अंगठ्याने फोनवर लिहायला लागले. तिची एक झोप झाली की माझी एक खोली व्हायची. ती उठली की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं. दुसऱ्या झोपेला मागचं वाचत बसायला वेळ नसायचा, मग पुढची खोली सुरू.

असं माझं स्थानक उभं राहिलं. त्याचं नाव ठेवलं निगुती. सूर्यापासून फार लांब, रिकामं, पण चालू. तिथे कुजबुजतच बोलायचं, हा नियम. आणि तो खेळातल्या पात्रांपुरता नाही, टेबलावरच्या खऱ्या माणसांनाही लागू. कुणाचा आवाज चढला की निगुती कूस बदलते: एखादं दार बंद होतं, एखादा जिना दुसरीकडेच जातो.

पाठवायची वेळ आली तेव्हा संजय माझ्यामागे उभा.

"नमुना म्हणून अख्खं पाठवणार? फुकट? उद्या दुसऱ्याच्या नावाने छापलं तर?"

"तसं नाही करत कोणी."

"आमच्याकडे एका शेडला अख्खा गोळा कधीच माहीत नसतो. का, सांग बरं?"

मी चिडले, पण त्याचं म्हणणं डोक्यात राहिलं. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. हे पहिलंच काहीतरी होतं, जे बाळ झाल्यावर मी बाळासाठी नाही, माझ्यासाठी केलं होतं. त्यावर माझं नाव हवं होतं. निगुतीचे सगळे बोळ जिथे पोचतात ती मधली खोली मी डोक्यातच ठेवली आणि तिथे लिहिलं, ‘काम ठरल्यावर पाठवेन.’

उत्तर आलं ते ना हो, ना नाही. पुष्कर नावाच्या संपादकाने लिहिलं होतं: ‘रविवारी दुपारी येऊन हे स्थानक आमच्याबरोबर खेळवून दाखवाल का? मधल्या खोलीसह.’

"बघ," संजय म्हणाला. "मधल्या खोलीसह."

रविवारी त्याला नेमका ओव्हरटाइम. निघताना म्हणाला, "लोकेशन चालू ठेव. आणि चहा दिला तर आधी त्यांना पिऊ दे."

खडकीहून मेट्रोने कसब्यात उतरले. नंदू झोळीत, पोटाशी. पत्ता तांबट आळीच्या अलीकडचा निघाला. खाली तांब्याच्या भांड्यांचं दुकान, बाजूने लाकडी जिना, वर एक खोली. टेबलावर फासे आणि कागद. जिन्यातच नंदू झोपली.

पुष्कर चष्मेवाला, सौम्य, आठवडाभर कुठल्याशा आयटी कंपनीत असणारा. पियुष त्यांच्या पुस्तकांची चित्रं काढायचा. आकाराने दांडगा, आणि आवाज त्या आकाराला शोभेल असा. तिसऱ्या खुर्चीत पुष्करची आई, सरोजिनीबाई. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. छापायला जाणारं प्रत्येक पान त्यांच्या हाताखालून जातं, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की माझ्याकडे बघणारी ही एकटीच आहे आणि बाकीचे दोघं तिच्याकडे बघताहेत.

"बाळ आणलंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"प्रश्न नव्हता. बसा. मेलवर नुसतंच दीपाली होतं. आडनाव?"

"ओव्हाळ."

अर्धा क्षण गेला. तो अर्धा क्षण मी शाळेपासून ओळखते. कधी कधी त्यात काहीच नसतं, समोरच्याला नुसती शिंक येत असते. पण आपण मोजून ठेवतोच.

"राहायला?"

"खडकी. क्वार्टर्समध्ये."

"हं," त्या म्हणाल्या. त्या ‘हं’चाही अर्थ लागला नाही.

चहा आला. मी कप हातात धरून बसले. पुष्करने घोट घेतल्यावर घेतला, आणि स्वतःचीच लाज वाटली.

"स्पष्ट बोलते, राग मानू नका," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आम्ही माणसं हवीत म्हटलं आणि नमुन्यांचा ढीग आला. बहुतेक सगळं एकाच गिरणीतलं पीठ. यंत्राकडून लिहून घेतलेलं. गुळगुळीत, गोल, आणि तोंडात घातलं की कशाचीच चव नाही."

"मी यंत्राकडून नाही घेतलं."

"तुमचं तसं नाहीच. तुमची पहिली खोली हळवी, दुसरी तुसडी, तिसरीत वाक्य मधेच तुटतं आणि चौथीत कुणी वेगळंच बोलायला लागतं. आम्हाला वाटलं, चार जणांचं उचलून एकत्र शिवलंय."

माझे कान तापले. मी इथे चोर पकडायला आले होते, आणि चोर म्हणून मलाच बोलावलं होतं.

"आई," पुष्कर पुटपुटला.

"थांब रे. अहो, एकच विचारते. तुमच्या स्थानकात दिवसरात्र पंपांची घरघर आहे, तिने ते जागं होत नाही. माणूस जरा मोठ्याने बोलला की होतं. का? ज्याने रचलं त्याला हे माहीत असणार."

मला माहीत नव्हतं. मी तसं लिहिलं होतं, कारण ते तसंच होतं. त्याला कारण लागतं, हे मनातच आलं नव्हतं.

"खेळून बघू या का?" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खेळ सुरू झाला. मी कुजबुजत सांगायला लागले आणि तेही कुजबुजत उत्तरं द्यायला लागले. नियम म्हणून की नंदूमुळे, कोण जाणे. पुष्कर झाला होता यानाचा कप्तान, पियुष मिस्त्री आणि सरोजिनीबाई नकाशे करणारी. त्या खेळात तशाच होत्या, जशा खेळाबाहेर. प्रत्येक बोळाला विचारायच्या, हा कुठून येतो आणि मला न सांगता कुठे जातो. पियुष दोनदा विसरला, दोनदा जिना हलला. हळूहळू तिघंही टेबलावर पुढे झुकले. मला बरं वाटायला लागलं आणि बरं वाटतंय म्हणून पुन्हा संशय यायला लागला. एवढे रंगलेत, ते मधल्या खोलीसाठीच.

"मधल्या खोलीचं दार," पुष्कर कुजबुजला. "आम्ही उघडतो."

मी नंदूची झोळी सारखी केली.

"काय दिसतं?"

"ते... काम ठरलं की लिहून देईन."

पुष्कर मागे टेकला. सरोजिनीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नंतर म्हणजे माहीत नाही, असं समजायचं का?"

"माहीत आहे."

"मग सांगा."

सांगितलं, तर माझ्या हातात काहीच उरत नव्हतं. नाही सांगितलं, तर ते माझं नाही यावर शिक्का बसत होता. तेवढ्यात खाली दुकानात ठोकाठोकी सुरू झाली. तांब्यावर हातोडा, एकसारखा, कान किटवणारा. पुष्करने घाईघाईने नंदूकडे बघितलं. ती ढिम्म हलली नाही. उलट तिचा श्वास आणखी जड झाला.

"दार अडलंय ना? मी फोडतो," पियुषने माझी सुटका करायला म्हणून फासा टाकला. वीस पडले. त्याहून मोठा आकडा त्या फाशावर नसतो.

"आलं!" तो ओरडला.

नंदू दचकून उठली आणि तिने जो टाहो फोडला त्यात हातोडाही ऐकू येईना.

मी तिला उचलून उभी राहिले. डोलताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "निगुती जागी झाली. सगळी दारं एकदम उघडली आहेत. हवा बाहेर चाललीये. आणि मधल्या खोलीतून हा आवाज येतोय."

"हे... रडतंय?" पुष्करने विचारलं. तो अजून खेळातच होता.

"लहान आहे ते," मी म्हटलं. "स्थानक नाहीच ते, बाळ आहे. बांधलं, चालू केलं आणि माणसं निघून गेली. पंपांच्या घरघरीत त्याला झोप लागते, कारण पोटात असल्यापासून त्याने तेच ऐकलंय. माणसाचा आवाज आला की त्याला वाटतं, आली परत." मी दम घेतला. "म्हणून ते उठतं. रागाने नाही."

यातलं शेवटचं मला ते बोलेपर्यंत माहीत नव्हतं. नंदू कारखान्याच्या भोंग्यात झोपते आणि संजयच्या चपला वाजल्या की उठते, हे मात्र मी रोज बघत होते.

"तुम्ही काय करता?" मी तिघांना विचारलं. नंदू लालबुंद झाली होती.

पियुषने ओशाळून फासा खाली ठेवला. पुष्कर नियमांचं पुस्तक चाळायला लागला. सरोजिनीबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या, आणि वर्गात शिरताच मुलं गप्प व्हावीत अशा सपाट आवाजात बोलायला लागल्या.

"सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या. कुकडी. घोड. भीमा. भामा. इंद्रायणी. पवना. मुळा. मुठा. कऱ्हा. नीरा."

नंदू हुंदका अर्धा टाकून त्यांच्याकडे बघायला लागली.

"पुन्हा एकदा. कुकडी. घोड. भीमा."

मुठेपाशी तिचे डोळे मिटायला लागले.

"फासा टाकायचा का?" पुष्करने कुजबुजत विचारलं.

"गरज नाही," मी म्हटलं. "दारं लागली."

सरोजिनीबाई खुर्चीवर जाऊन बसल्या, चष्मा लावला. "तुमचंच आहे."

"हो."

"प्रश्न नव्हता."

मग मी खोल्यांचंही सांगितलं, एका झोपेत एक खोली कशी होते ते. पुष्कर म्हणाला, तसंच राहू द्या. खेळणारे कुठूनही आत शिरतात, त्यांना प्रत्येक खोली आपापल्या पायावर उभी असलेलीच लागते. कळवतो, असं म्हणून त्याने जिन्यापर्यंत सोडलं.

मेट्रोत बसल्यावर लक्षात आलं: अख्खा गोळा त्यांच्या हातात देऊन आले होते.

"सांगून आलीस?" संध्याकाळी घरी संजयने विचारलं.

"हो."

"लेखी काही?"

"नाही."

तो नंदूला घेऊन तिच्या पोटावर फुंकर मारत राहिला. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. नंदू झोपायची, मी फोन उघडायची आणि लिहायच्या ऐवजी त्रिज्या प्रेसचं पान बघत बसायची. कुठे कुजबुजतं स्थानक, कुठे रडणारं बाळ दिसतंय का. तो अर्धा क्षणही पुन्हा पुन्हा आठवायचा. शिंक होती की नव्हती?

मग एका सकाळी पुष्करकडून चित्र आलं. काळ्या आभाळात मिटल्या मुठीसारखं एक स्थानक आणि त्याच्या बरोबर मधोमध उजेडाचा ठिपका. वर ‘निगुती’. खाली, पियुषच्या आवाजाएवढ्या मोठ्या अक्षरांत, ‘दीपाली ओव्हाळ’.

सोबत सरोजिनीबाईंचा निरोप होता: ‘करार जोडला आहे, नीट वाचून सही करा. मधली खोली आता लिहून पाठवा. नद्या माझ्या आहेत. वापरल्यात, तर तळाशी माझं नाव हवं.’

संजयने चित्र बोटांनी मोठं करून बघितलं. करार दोनदा वाचला. "हे असं कोणीही करून पाठवेल," तो म्हणाला, पण नाव वाचताना त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. त्याने नंदूला खांद्यावर टाकलं. "आम्ही मैदानावर जातो. तू लिही. घाई नाही." दार त्याने एवढ्या हळू ओढलं, की कडीसुद्धा वाजली नाही.

अख्खं घर माझं. दोन्ही हात मोकळे. मी टेबलाशी बसले, फोन समोर ठेवला. ‘मधली खोली’ एवढं लिहिलं आणि पुढे काही येईना. डावा हात उगाच हलका वाटत होता.

बऱ्याच वेळाने मी खिडकीशी गेले. संजय अजून खालीच होता, झाडाखाली, नंदूला पानं दाखवत.

"आण तिला वर!" मी हाक मारली.

"अगं, झोपेल आता ती!"

"म्हणूनच आण!"